भिगवणला पहाटे पक्ष्यांचे फोटो: लेन्सच्या आधी होडी कुठे उभी आहे ते बघा

प्रश्न थोडक्यात असा: क्रॉप सेन्सरचा (लहान सेन्सरचा) कॅमेरा आहे, १५०-६०० मिमीची झूम लेन्स आहे, जानेवारीत भिगवणला जायचं आहे. मागच्या दोन खेपांना रोहित (फ्लेमिंगो) काळपट आले, उडते पक्षी पुसट आले आणि जे स्पष्ट आले ते सगळे पाठमोरे. आता महागडी प्राइम (झूम नसलेली) लेन्स घ्यावी का?

नको. काळपट आणि पाठमोरे ही होडीच्या जागेची तक्रार आहे, पुसट ही बहुतेक शटरची. लेन्स बदलून दोन्ही जाणार नाहीत. आहे त्याच लेन्समधून भिगवणला उत्तम फोटो निघतात, फक्त पैशांऐवजी वेळ नावाड्याशी बोलण्यात आणि लवकर उठण्यात घालायचा.

आधी पाण्याचं. भिगवण म्हणजे भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा, पुण्याहून सोलापूर रस्त्याने साधारण १०० किलोमीटर. होड्या कुंभारगाव, डिकसळ या बाजूंनी मिळतात. कुठल्या महिन्यात काय दिसेल हे कॅलेंडरपेक्षा धरणातला साठा जास्त ठरवतो. पावसाळा संपताना जलाशय तुडुंब असतो, काठाला थेट खोल पाणी. कालव्यांना पाणी सुटत गेलं की काठ उघडे पडतात, गाळपेराची जमीन वर येते आणि तिच्या कडेने घोटाभर पाण्याचे पट्टे तयार होतात. रोहित मान खाली घालून, चोच उलटी करून चिखलपाणी गाळत खातो. त्याला हाच उथळ पट्टा लागतो. म्हणून धरण उशिरापर्यंत भरलेलं राहिलं की रोहितही उशिरा येतात आणि जानेवारीत गेलेली माणसं 'यंदा फ्लेमिंगोच नाहीत' म्हणत परततात. होडी ठरवताना नावाड्याला दोनच गोष्टी विचारा: पाणी किती उतरलंय, आणि फ्लेमिंगो सध्या कुठल्या अंगाला बसतायत. पट्टकदंब हंसांचं गणित थोडं वेगळं आहे. ते रात्री-पहाटे शेतात चरतात आणि सकाळी पाण्याच्या काठाला येऊन विसावतात, त्यामुळे सात-साडेसातला त्यांचे थवे डोक्यावरून पाण्याकडे येताना मिळू शकतात.

जानेवारीच्या मध्यावर सूर्योदय सात वाजून पाच-दहा मिनिटांनी होतो. पावणेसातला तुम्ही होडीत बसलेले हवेत, म्हणजे पुणं साडेचारच्या आसपास सोडायला हवं. गाडीत हीटर चालू असेल तर कॅमेऱ्याची बॅग पायाशी ठेवू नका, डिकीत ठेवा. गरम झालेली लेन्स थंड हवेत बाहेर काढली की हूडच्या नळकांड्यात गरम आणि गार हवेची सरमिसळ होते आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं काहीच स्पष्ट येत नाही. लोक त्या वेळात ऑटोफोकसला शिव्या घालतात. लेन्सच्या तोंडाला संरक्षणासाठी लावलेला यूव्ही फिल्टरही काढून ठेवा. ६०० मिमीला त्याची काच फोटोची धार कमी करते. संरक्षण हूड करतो.

आता होडी. इथल्या होड्या मासेमारीच्या, तळ चपटा, छोटं इंजिन किंवा बांबू. नावाडी बहुतेक कोळी घरातले, लहानपणापासून चिलापी माशांसाठी जाळी टाकत आलेले. पक्षी कुठे आहे हे त्यांना तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं, पण ऊन कुठून हवं हे सांगितल्याशिवाय कळणार नाही. बहुतेक प्रवाशांना पक्षी जवळून बघायचा असतो, म्हणून ते होडी सरळ पक्ष्याच्या दिशेने घालतात. निघण्याआधीच सांगा: 'दादा, जवळ नाही गेलो तरी चालेल, पण ऊन आपल्या पाठीला राहू द्या.' काळपट रोहितांचं कारण एवढंच होतं. सूर्य त्यांच्या मागे होता आणि तुमच्याकडे त्यांची सावलीची बाजू होती.

जानेवारीत सूर्य नेमका पूर्वेला उगवत नाही, पूर्व-आग्नेयेला उगवतो. पहिले दोन तास होडी पक्ष्यांच्या आग्नेयेला हवी. थवा दिसला आणि आपण चुकीच्या अंगाला असलो तर दीडशे-दोनशे मीटर लांबूनच अर्धा वळसा घालून ऊन पाठीशी घ्यायचं, मग जवळ जायचं. वळसा जवळून घातला तर पक्षी उडतात. दुसरी गोष्ट वारा. पक्षी पाण्यावरून उठतानाही वाऱ्याकडे तोंड करून उठतात आणि उतरतानाही. वारा आणि ऊन दोन्ही तुमच्या पाठीकडून असतील तर पक्षी तोंड तुमच्याकडे करून उठेल, तुमच्याकडे तोंड करून उतरेल आणि उजेडही त्याच्या छातीवर असेल. हिवाळ्यात सकाळी पूर्वेकडचा मंद वारा असला तर हे जुळून येतं. वारा पश्चिमेचा असेल तर उडते पक्षी सोडा आणि उभ्या पक्ष्यांवर वेळ घाला, कारण त्या दिवशी कितीही बर्स्ट (एकापाठोपाठ झटपट फोटो) मारले तरी शेपट्याच मिळणार आहेत.

जवळ जाण्याची पद्धत सांगून ठेवा. इंजिन शंभर मीटरवर बंद, पुढे बांबूने रेटत. सरळ नाही, पक्ष्याच्या बाजूने निघून गेल्यासारखं, तिरकं. वीसेक मीटर पुढे गेल्यावर थांबायचं, मिनिटभर कुणी हलायचं नाही, मग पुन्हा. पक्षी काय म्हणतोय ते मानेवर लिहिलेलं असतं. रोहित मान खाली घालून गाळत असेल तर सगळं ठीक. दोन-चार माना वर आल्या की थांबा. सगळ्यांच्या माना वर, गुरगुर वाढली आणि थवा एका दिशेने चालायला लागला, म्हणजे पुढची पायरी उडणं आहे; तिथे बांबूने उलट रेटून दहा मीटर मागे यायचं. बहुतेक वेळा पाच मिनिटांत माना परत खाली जातात आणि मग तोच थवा स्वतःहून थोडा अलीकडे सरकतो.

काही होड्या पैसे वसूल व्हावेत म्हणून थवा मुद्दाम उठवतात. तसं करू नका असं आधीच सांगा. पक्ष्यांची चरण्याची वेळ वाया जाते हे खरंच, पण फोटोवाल्याच्या स्वार्थानेही त्यात काही नाही: होडीला घाबरून उडालेला थवा होडीपासून लांबच उडतो. तुमच्या पाठमोऱ्या फोटोंचा उगम हाच असावा. कुरवांना (सीगल) फरसाण किंवा मासे फेकण्याचंही तेच. पक्षी खाली बघत होडीवर घिरट्या घालतात, फोटोत अर्धे पंख, मागे दुसऱ्या होडीतल्या टोप्या, आणि पक्ष्याच्या पोटात तळलेलं बेसन.

होडीत फळीवर बसू नका, तळाला बसा. पोतं किंवा जुनी चटई खाली, गुडघे वर, डावं कोपर गुडघ्यावर, लेन्स होडीच्या काठाच्या जेमतेम वर. दोन किलोची लेन्स तीन तास पेलायची तर हे बसणं लागतंच, पण खरा फायदा दिसण्यात आहे. कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आला की मागचं पाणी लांबचं होतं आणि त्याचा मऊ पट्टा होतो. फळीवरून काढलेल्या शेकाट्याच्या (लांब पायांचा काठावरचा पक्षी) मागे अर्ध्या मीटरवरचा चिखल दिसतो, तळाला बसून काढलेल्याच्या मागे दोनशे मीटरवरचं पाणी. तिवईचा होडीत उपयोग नाही. बीनबॅग काठावर ठेवायची तर इंजिन बंद असतानाच, नाहीतर थरथर थेट लेन्समध्ये. ती तांदळाने भरू नका, भिजली की वाया. थर्माकोलचे किंवा प्लास्टिकचे दाणे बरे. लाइफ जॅकेट आधी घाला आणि मग कॅमेऱ्याचा पट्टा, उलट केलं की पट्टा अडकतो. लेन्स बदलणं, दोन लेन्स आणणं वगैरे सोडून द्या. एक पंचा मांडीवर ठेवा, उडालेलं पाणी टिपायला आणि लेन्स झाकायला.

आता मागच्या पुसट फोटोंचं निदान. ते संगणकावर उघडा आणि १०० टक्के मोठे करा. पक्ष्याकडे नंतर बघा, आधी पाण्यावर चमकणारे उन्हाचे ठिपके बघा. ठिपक्यांच्या सगळ्या एकाच दिशेने छोट्या रेघा झाल्या असतील तर कॅमेरा हलला. ठिपके गोल, पक्ष्याचं डोकं स्पष्ट आणि फक्त पंखांची टोकं विरघळलेली, तर शटर त्या पक्ष्याला कमी पडलं. पक्षी अख्खा मऊ, पण त्याच्या पुढच्या लाटा धारदार, तर फोकस पाण्यावर बसला. आणि कुठेच काही धारदार नाही, कडा फाटल्या दुधासारख्या, आणि बर्स्टच्या प्रत्येक फ्रेममध्ये पाय वेगळ्याच ठिकाणी वाकडे, तर ती उन्हाची झळ आहे. हे चार वेगवेगळे आजार आहेत आणि चौघांना 'फोटो शार्प नाही' हे एकच नाव मिळतं, म्हणून औषध चुकतं.

पहिल्यावर उपाय: होडीतून उभ्या पक्ष्यालाही १/१००० सेकंदापेक्षा संथ शटर नको. जमिनीवरून स्थिर पक्ष्याला १/५०० पुरतं, पण होडी तुमच्याखाली सतत डोलत असते. स्टॅबिलायझेशनचा (लेन्समधली थरथर सावरणारी सोय) मोड २ ठेवा, तो उभा हेलकावा सावरतो आणि आडवा पाठलाग मोकळा सोडतो.

दुसऱ्यावर: रोहित, चित्रबलाक, राखी बगळा यांचे पंख संथ, १/१६०० पुरतं. बदकांना १/२५००. नदी सुरय आणि कवड्या खंड्या यांना १/३२००, तरीही सूर मारतानाच्या अर्ध्या फ्रेम जातील. मिररलेस असेल तर उडत्या पक्ष्याला शक्यतो मेकॅनिकल शटर. बऱ्याच कॅमेऱ्यांत इलेक्ट्रॉनिक शटर चित्र वरून खाली ओळीओळीने वाचतं, तोवर पंख हलतो आणि फोटोत केळीच्या पानासारखा वाकतो.

तिसऱ्यावर: सतत फोकसचा मोड, मध्यभागी छोटा झोन, आणि लेन्सवरची फोकस मर्यादेची कळ १० मीटर ते अनंत या खुणेवर. होडीतून १० मीटरच्या आत क्वचितच काही येतं, आणि ही कळ न लावल्यास फोकस एकदा हुकला की लेन्स पार जवळच्या टोकाला जाऊन परत येते. तेवढ्यात खंड्या पाण्यात शिरून मासा घेऊन बाहेरही आलेला असतो. पक्ष्याचा डोळा ओळखणारी सोय असेल तर वापरा, पण रोहितांच्या दाटीत ती कुठलाही डोळा धरते. तिथे एक बिंदू निवडून सगळ्यात अलीकडच्या पक्ष्यावर स्वतः ठेवा. स्पष्टतेची खोली किती कमी असते ते लक्षात घ्या: ५०० मिमीला, ३० मीटरवर, एफ/६.३ ला (हा लेन्सच्या छिद्राचा आकडा, मोठा तितकं छिद्र लहान) स्पष्टतेचा पट्टा जेमतेम ९० सेंटीमीटर. एफ/८ ने तो मीटरभराच्या थोडा वर जातो. म्हणजे पुढचा-मागचा असे दोन रोहित धरले तर एकच स्पष्ट येणार, आणि तो अलीकडचा असावा.

चौथ्याला उपाय नाही. साडेनऊनंतर ओला चिखल तापतो, हवा थरथरते आणि लेन्स जितकी लांब तितकी ती थरथर मोठी होऊन दिसते. अंतर कमी करता आलं तर करा, नाहीतर कॅमेरा ठेवा आणि दुर्बीण काढा. प्राइम लेन्सही इथे काही करू शकत नाही.

उजेडाचे आकडे. सूर्य उगवायच्या आधी आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ६४०० ला जाईल आणि तरी शटर पुरणार नाही. त्या वेळात स्पष्ट पक्ष्याचा हट्ट सोडा. मुद्दाम सूर्याकडे तोंड करा, आकाशावर मीटर करून (तिथला उजेड कॅमेऱ्याला मोजायला लावून) एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा उजेड, ठेवा आणि चित्रबलाकांची, जाळं फेकणाऱ्या कोळ्याची काळी आकृती घ्या. सगळ्या सकाळीत सूर्यासमोर बघायची हीच वेळ. सूर्य वर येताना आयएसओ १६०० ते ३२००. आठच्या सुमारास, आकाश निरभ्र असेल तर, एफ/७.१, १/२०००, आयएसओ ८०० हे साधारण बसतं. नऊपर्यंत आयएसओ ५०० वर उतरतो. ऊन एकसारखं असेल तर हे तिन्ही आकडे मॅन्युअलमध्ये बांधून टाका, ऑटो आयएसओही नको. पक्षी गडद पाण्यावरून उठून उजळ आकाशावर गेला की मीटर डगमगतो, पण पक्ष्यावर पडणारं ऊन तेवढंच असतं. धुकं किंवा ढगांची ये-जा असेल तेव्हाच ऑटो आयएसओ आणि एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनची (फोटोचा उजेड कमी-जास्त करणारी) चकती. गडद पाण्यावर छोटा पांढरा पक्षी असेल तर उणे २/३ ते उणे १ स्टॉप. तोच बगळा फ्रेमभर असेल तर अधिक २/३. पाणकावळा आणि वारकरी (कूट) या काळ्या पाणपक्ष्यांना अधिक २/३, नाहीतर पिसांच्या जागी डांबर दिसतं.

रोहिताची एक खास खोड आहे. उभा असताना तो जवळजवळ पांढरा, आणि पंख उघडताच आतून भडक गुलाबी-लाल. उभ्या पक्ष्यावर बेतलेलं एक्स्पोजर पंख उघडल्यावर लाल रंगात जळतं, पण नेहमीचा एकरंगी हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीकच दाखवतो. म्हणून कॅमेऱ्यात तीन रंगांचा हिस्टोग्राम लावा आणि लाल रंगाचा डोंगर उजव्या भिंतीला टेकत नाही ना ते बघा. टेकत असेल तर १/३ ते २/३ स्टॉप खाली या. फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) ठेवा, व्हाइट बॅलन्स डेलाइटवर. ऑटोवर ठेवलं तर कॅमेरा सकाळचा सोनेरी रंग चूक समजून काढून टाकतो.

किती जवळ जायचं याचाही हिशेब करता येतो, अंदाजाने होडी पुढे रेटत राहायचं कारण नाही. पट्टकदंब साधारण ७५ सेंटीमीटर लांब. ४० मीटरवर, ६०० मिमीला तो क्रॉप सेन्सरची जवळपास अर्धी रुंदी भरतो. बस झालं, आणखी जवळ गेलात तर उडताना पंख कापले जातील. उलट छोटा टिलवा, चिखलाच्या काठावर चरणारा, १४ सेंटीमीटरचा. त्याच ४० मीटरवर तो रुंदीच्या अकराव्या हिश्शाइतका, म्हणजे कापून काढायच्या लायकीचाही नाही. त्याला दहा मीटर हवेत, आणि ते होडी पळवून मिळत नाहीत. चिखलाच्या कडेला होडी लावून गप्प बसलं तर तो चरत चरत स्वतः येतो. १.४ पट टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारा जोड) लावण्याचा मोह आवरा. एफ/६.३ ची लेन्स एफ/९ होते, फोकस मंदावतो आणि झळही तितकीच वाढते.

उडण्याचा क्षण अंदाजाने नाही, खुणांनी पकडायचा. बगळा आधी मान लांब करतो आणि थोडा वाकतो. पाणकोंबडी आणि वारकरी पाण्यावर धावत सुटतात, त्यांना पुढे मोकळी जागा सोडून धरा. मत्स्यगरुड हवेत थबकला आणि पाय खाली सोडले की दुसऱ्या क्षणी सूर मारणार. खंड्या पाय सोडत नाही, फक्त चोच सरळ खाली करतो. बर्स्ट पाच-सहा फ्रेमचे छोटे मारा. खुणेआधीच बटण दाबून ठेवलं तर बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण) भरतो आणि मासा वर येताना कॅमेरा विचार करत बसतो.

मार्च ते मेच्या दरम्यान पुन्हा जाणार असाल तर एक पथ्य. उघड्या पडलेल्या बेटांवर नदी सुरय, छोटे आर्ली, शेकाटे यांची अंडी थेट जमिनीवर असतात, खड्यांसारखीच ठिपकेदार. त्या बेटांवर पाय ठेवायचा नाही, फोटोसाठी दोन मिनिटंही नाही. उन्हात आई उठून गेली तर अंडी तेवढ्यात तापतात.

घरी आल्यावर पहिली दुरुस्ती क्षितिजाची. होडीतला प्रत्येक फोटो एक-दोन अंशाने कललेला असतो आणि पाणी कललं की जलाशय सांडतोय असं दिसतं. फ्रेम काढतानाच चारी बाजूंनी थोडी जागा सोडलेली असली तर सरळ करताना पंख कापला जात नाही. आणि पट्टकदंबांचे फोटो टाकून द्यायच्या आधी माना आणि पाय मोठे करून बघा. मंगोलियात पट्ट्या बांधलेले हंस महाराष्ट्रात दिसलेले आहेत. मानेभोवती रंगीत पट्टी किंवा पायात कडी दिसली तर त्यावरचा संकेत, तारीख आणि जागा बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवा. असा पक्षी तिथेच दिसला तर एफ/८ ला जा आणि तो आडवा होईपर्यंत थांबा. फोटो दिसायला कसाही असो, पट्टीवरची अक्षरं वाचता आली पाहिजेत.